ट्रॅक्टरवरची गाणी

आमच्या घरी गाणी विकत घ्यायची ती दोघांनी मिळून. निवड दादाची, मोजमाप माझं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मखमलाबादला आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे, ती तो बघतो. मी नाशिकात राहतो आणि सिन्नरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुटे भाग मोजायचे, बरोबर असतील तर पुढे पाठवायचे, नसतील तर बाजूला काढायचे, हे माझं काम.

कॅसेटच्या दिवसांत शालिमारजवळ एक दुकानदार कोऱ्या कॅसेटवर आपल्या आवडीची गाणी भरून द्यायचा. कागदावर यादी न्यायची, चार दिवसांनी कॅसेट आणायची. बहुतेकांच्या कॅसेटमध्ये बाजू संपताना शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. आमचं कधी तुटलं नाही. एका बाजूला तीस मिनिटं मिळत. रेडिओवर गाणं लागलं की मी घड्याळ लावून बसायचो, मिनिटं-सेकंद लिहून ठेवायचो आणि दादाच्या यादीतली गाणी अशी बसवायचो की शेवटी पंधरा-वीस सेकंद उरावेत. दादाला सात हवी असायची आणि बसायची सहा, मग भांडण.

"हे काढू का?"

"ते नाय काढायचं. ते बाईचं हाय."

दादाला बायकांनी गायलेलीच गाणी आवडायची. लावणी असो, गवळण असो, आवाज बाईचा हवा आणि वरच्या पट्टीतला हवा. पुरुषांच्या गाण्यांना तो भाषण म्हणायचा.

त्याचा कान तिखट होता. रेकॉर्डरचे सेल उतरायला लागले की आमच्याआधी त्याला कळायचं. "बाई दमली," म्हणायचा आणि सेल बदलायला उठायचा. विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग जाणार हे त्याने एकदा घरात जेवता जेवता ओळखलं होतं. विहीर घरापासून दोनशे फुटांवर. पंधरा दिवसांत बेअरिंग गेलं. हे मुद्दाम लिहितो आहे. पुढे जे झालं ते मुळातच कमी ऐकणाऱ्या माणसाचं झालं असं कुणाला वाटू नये.

कॅसेटी गेल्या. मग मोबाइलच्या दुकानात पेनड्राइव्ह भरून मिळायला लागला. यादी कुणी मागेना. दुकानदार विचारायचा, "कसली टाकू, मराठी, हिंदी, अहिराणी, मिक्स?" आणि चारशे गाणी दहा मिनिटांत भरून द्यायचा. त्यातली साडेतीनशे आपण कधी मागितलेली नसत. आता तर फोनवर एक गाणं लावलं की पुढचं त्याचं तोच ठरवतो. माझी मुलगी कानात बोंडं घालून दिवसभर गाणी ऐकते, कोणतं ऐकलं विचारलं तर तिला सांगता येत नाही. दादाचं तसं नव्हतं. फोन आला तरी त्याची तीस-पस्तीस गाणी ठरलेली, बायकांची. गाणी निवडायचं काम उरलं नाही तेव्हा आम्ही दोघं डबे निवडायला लागलो. डबे म्हणजे स्पीकर.

आमच्या भागात नव्या ट्रॅक्टरला हार घातला की आठवड्याच्या आत डेक बसतो. दोन्ही मडगार्डांवर एकेक डबा, सीटच्या मागे घुमणारा मोठा डबा. फवारणीच्या दिवसांत माणूस सहा-सहा तास ट्रॅक्टरवर असतो. खाली इंजिन, मागे औषधाचा पंप, त्या गोंगाटावर गाणं चढवायचं तर डेक तसा लागतो. दादाने आतापर्यंत चार डेक बसवले. चारही मी निवडून दिले.

तिसऱ्या वेळची खरेदी मला नीट आठवते. दुकानदार दोन डबे आळीपाळीने वाजवून दाखवत होता आणि महागातला वाजवताना हळूच आवाज वाढवत होता. मोठ्या आवाजालाच लोक चांगला आवाज म्हणतात, ही त्यांची जुनी युक्ती. मी म्हणालो, "दोन्ही वीसवर ठेवा आणि मग वाजवा."

दुकानदार हसला. "साहेब, तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली तर शटर ओढावं लागेल मला."

"मोजू द्या त्याला," दादा म्हणाला. "त्याचं लहानपणापासून असंच हाय. पोरगी बघायला गेलो तर पोरगी सोडून पायऱ्या मोजून आला."

"किती होत्या?" दुकानदाराने विचारलं.

"अकरा," मी म्हणालो. ते दोघं पोट धरून हसले.

मग दादाने डब्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हा घे. हा छातीत लागतो." पहिल्या दोन खेपांना तो दुकानाबाहेर फुटपाथवर जाऊन, दहा पावलांवरून ऐकून ठरवायचा. या वेळी हात ठेवून ठरवलं. फरक मला दिसला होता. त्याचा अर्थ काय, हे मी स्वतःला विचारलं नाही.

आवाजाच्या आकड्यांचंही तसंच. प्रत्येक डेकला चाळीसपर्यंत आकडे असतात. पहिल्या डेकवर दादा चौदावर गाणी ऐकायचा. दुसरा त्याच्या दीडपट ताकदीचा, त्यावर एकवीस. तिसरा आणखी मोठा, त्यावर सुरुवातीला सव्वीस आणि दोन वर्षांनी चौतीस. यंत्र मोठं झालं तर आकडा कमी व्हायला हवा, इतकं मला कळत होतं. म्हणून मी बॅटरीचा दाब मोजला, तो ठीक. तारा बदलल्या, जोड नव्याने केले, अर्थिंग तपासलं. तीन रविवार त्यात गेले. जे जे मोजता येण्यासारखं समोर होतं ते सगळं मी मोजलं. सीटवर बसलेला माणूस मोजायचं मला सुचलं नाही.

माझी बायको एकदा म्हणाली, "तुम्ही दोघं गाणी ऐकता की त्यांना इंजेक्शन देता?"

दादाचं उत्तर ठरलेलं. "हल्लीच्या रेकॉर्डिंगमधी दम नाय राहिला. बाईचा आवाज दबवून टाकत्यात."

आमच्या बागेतली फवारणी अशी चालते. दादा ट्रॅक्टर ओळीत घालतो आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे नेतो. पंपातून दोन नळ्या निघतात. एक वहिनी धरते, दुसरी पेठकडचा एक मजूर. दोघं ट्रॅक्टरच्या मागे चालत वेलांवर औषध मारतात. नळी कुठे अडकली, पिळली की मागून हाक मारायची, पुढच्याने थांबायचं.

तिसऱ्या डेकच्या शेवटच्या वर्षी मला मडगार्डाच्या मागच्या बाजूला मातीचे वाळलेले गोल ठिपके दिसले. चिखल उडाला तर तो खालून वर जातो, शेपटीसारखा. हे समोरून मारल्यासारखे होते. मी मोजले, सतरा होते. वहिनीला विचारलं.

"ढेकळं हायेत," ती म्हणाली. "हाक मारून घसा बसतो. ढेकूळ मारलं की पत्रा हादरतो, मग थांबत्यात."

"एवढ्या जोरात डेक लावतो?"

"तुम्हीच आणून देता ना भाऊजी ते डबे. एखाद्या दिवशी नेम चुकला तर टाळक्यात बसंल त्यांच्या, मग म्हणू नका."

"तिचा नेम चुकत नाय," दादा मागून म्हणाला. "लग्नाआधी बोरं पाडायची ती." आम्ही तिघं हसलो. वहिनी हसता हसता खाली वाकली, चार ढेकळं उचलून कमरेच्या ओच्यात टाकली आणि नळीकडे गेली. बंदोबस्त करून कामाला निघाल्यासारखी.

चौथा डेक गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर बसवला. छाटणीनंतर महिना-दीड महिना डावणीची, म्हणजे पानांवर येणाऱ्या बुरशीची, भीती असते. हवा ढगाळ राहिली तर दोन-तीन दिवसांआड फवारावं लागतं. त्या गर्दीत मी एका रविवारी सकाळी जाऊन डेक जोडला. दादाने लगेच ट्रॅक्टर सुरू केला. बंद ट्रॅक्टरवर डेक कधी ऐकायचा नाही, हा त्याचा नियम. पंपही चालू केला. फोन जोडून त्याने त्याची आवडती लावणी लावली, आकडा छत्तीसवर नेला आणि मागे रेलून बसला.

मी वीस फुटांवर उभा होतो. मला नुसतं ढुब ढुब ऐकू येत होतं. गाणं नाही, शब्द नाहीत, बाई नाही. मी जवळ गेलो, तरी तेच. खाली वाकून पाहिलं तर मडगार्डांवरच्या दोन डब्यांची तार सीटखाली सुटी लोंबत होती. मी जोडायची विसरलो होतो. वाजत होता तो फक्त मागचा घुमणारा डबा. त्या डब्यातून माणसाचा आवाज येतच नाही.

दादा मान डोलवत होता. ओठ हलत होते, बोट स्टिअरिंगवर ठेका धरत होतं. मला वाकलेला पाहून त्याने अंगठा वर केला.

"आता कसं," तो म्हणाला. "बाई समोर बसून गातीय."

माझ्या हातात ती सुटी तार होती. मी ती तशीच धरून राहिलो. मग हळूच जोडली. बाईचा आवाज एकदम इतक्या जोरात फुटला की मी दोन्ही कानांवर हात ठेवले. ओट्यावर दाणे टिपणारी चिमणी उडाली. दादाच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही. बोटाचा ठेका होता तसाच चालू राहिला.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. ट्रॅक्टर बंद करायचा, किल्ली काढायची आणि म्हणायचं, दादा, खाली उतर. मी तसं केलं नाही. कारण सांगतो. आमच्या कामात एका मापावर निर्णय घेत नाहीत. एक माप चुकू शकतं, म्हणून तीन घ्यायची, वेगवेगळ्या दिवशी, आणि तिन्ही सारखी आली तरच माल बाजूला काढायचा. तेवीस वर्षं मी असंच काम केलं आहे. त्यात एकाही चांगल्या मालावर मी खोटा शिक्का मारलेला नाही, याचा मला अभिमान होता. माझ्या भावावर बहिरेपणाचा शिक्का एका मापावर मारायला माझं मन धजेना. पुढच्या रविवारी दुसरं घेऊ, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं, असं मी ठरवलं आणि जेवून घरी आलो.

दुसरं माप पडवीत घेतलं. दादा पाठमोरा बसून छाटणीच्या कात्र्या घासत होता. मी दहा फुटांवरून साध्या आवाजात म्हणालो, "दादा, सोमवारी पाऊस आहे म्हणे." त्याने मान वळवली, "काय?" म्हणाला. मग स्वयंपाकघराच्या दारातून, तेवढ्याच अंतरावरून, वहिनी म्हणाली, "चहा ठेवू का?" तो घासत राहिला. तिने पुन्हा विचारलं. तो घासतच राहिला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. आत जाऊन चहा ठेवला. तिला सवय झालेली दिसत होती.

दुसरं मापही तेच आलं. तरी मी गप्प राहिलो. तिसऱ्यासाठी फोनवर आवाज मोजायचं एक ॲप घेतलं, घरी टीव्हीवर आणि मिक्सरवर ते तपासून पाहिलं. रविवारला चार दिवस होते.

गुरुवारी कारखान्यात असताना फोन आला. नळीचा वेढा वहिनीच्या पायात आवळला होता. ती पडली, ट्रॅक्टर पुढे जात राहिला. रात्रभर भुरभुर पाऊस होऊन गेलेला, जमिनीचा नुसता राडा झालेला, ढेकूळ असं हाताला काही लागलंच नाही. मजूर शेजारच्या ओळीतून मांडवाखालून वाकून पुढे धावला आणि दोन्ही हात हलवत ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभा राहिला, तेव्हा दादा थांबला. तोवर वहिनी मांडवाचे सहा खांब फरफटली होती. दोन खांबांत आठ फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस फूट. पहिल्या गिअरला त्याला साधारण अठरा सेकंद लागतात. पाचव्या खांबावर तिचा खांदा आदळला आणि हाड मोडलं. डेक चालू होता. मजुराने मला सांगितलं, ती सगळा वेळ ओरडत होती. त्याला इंजिन, पंप आणि गाणं या सगळ्यांवरून ते ओरडणं ऐकू आलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर दादा बसला होता, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, "तिनं हाकच नाय मारली रे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मारली होती?"

"मारली होती."

त्याच्या कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली. डॉक्टरबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, खालच्या पट्टीत, बरी चाललेली, आणि मग घाट उतरावा तशी खाली. त्या म्हणाल्या, गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलं की असं होतं, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, पाखरं, शिट्ट्या, बायकांची बोलणी. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा. त्या बोलत असताना दादा त्यांच्या ओठांकडे बघत होता आणि त्या थांबल्या की माझ्याकडे. मी प्रत्येक वाक्य मोठ्याने परत सांगितलं. मग त्याने विचारलं, "किती वर्षं झाली आसतील?" बाई म्हणाल्या, दहा तरी. त्या दहा वर्षांत आम्ही तीन डेक आणले होते.

कानाला यंत्र आणलं. ट्रॅक्टरवर ते लावलं की इंजिनच डोक्यात शिरतं म्हणतो, म्हणून ट्रॅक्टरवर चढताना काढून खिशात ठेवतो. घरात लावतो. एकदा यंत्र लावून गाणंही ऐकलं त्याने, अर्धंच. बंद करून म्हणाला, "ही ती बाई नाय." डेक मी काढून आणला. आमच्या पोटमाळ्यावर पडून आहे.

वहिनी दोन महिने हात गळ्यात बांधून होती. एका दुपारी दादा बाजार समितीत गेलेला असताना मी तिला सगळं सांगितलं. सुटलेली तार, पडवीतला चहा, ठरवलेलं तिसरं माप. ती मेथी निवडत होती, एका हाताने. सगळं ऐकून घेतलं.

"तार सुटली तो कोणता रविवार?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

तिने मेथीची काडी हातात धरून मनात काहीतरी मोजलं. "म्हणजे मधी चार फवारण्या झाल्या."

"हो."

"मी होते चारी वेळा मागं."

"हो."

ती पुन्हा निवडायला लागली. जरा वेळाने म्हणाली, "त्यांना नका सांगू. त्यांना वाटतं, मी पडले त्याच दिवशी तुम्हाला बी कळलं." मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं तो वाचणार नाही, त्याला वाचनाची आवड नाही.

या वर्षी ऑक्टोबर छाटणी झाली आणि वहिनी पुन्हा नळी धरायला लागली. उजवा खांदा वर उचलला जात नाही, म्हणून डाव्या हाताने धरते. गेल्या वर्षीचा मजूर परत आला नाही. दुसरा मिळाला आहे, तो नवा आहे. मी पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, "भाऊजी, माणसं कुठून आणू? डावणी थांबणार हाय का माझ्यासाठी?" मागे कुणी चालावंच लागत नाही असा ब्लोअर मिळतो, पण आमचा मांडव बुटका, ओळी अरुंद, तो आत शिरत नाही. मी टेप घेऊन मोजून आलो आहे.

म्हणून तिघांनी बसून एक नियम केला. हाकेवर भरवसा ठेवायचाच नाही. दादाने दर दहा खांबांना आपणहून थांबायचं, मागे वळून बघायचं, वहिनीने हात वर केला की मगच पुढे जायचं. एका ओळीत चाळीस खांब आहेत. नियम माझाच आहे.

गेल्या रविवारी मी ओळीच्या टोकाला उभा राहून बघितलं. गाणं नव्हतं, नुसतं इंजिन आणि पंप. पहिल्या दहा खांबांना दादा थांबला, वळला. वहिनीने हात वर केला. पुढच्या दहाला थांबला. मग तिसऱ्या खेपेला दहावा गेला, अकरावा गेला, बारावा गेला. मी ओळीत शिरून धावायला लागलो. तेराव्या खांबाला ट्रॅक्टर थांबला. दादाने मागे वळून बघितलं, वहिनी उभी होती, तिने हात वर केला. मग त्याने समोर मला पाहिलं, धापा टाकत असलेला.

"काय झालं? पळत का आलास?"

मी जवळ जाऊन, त्याच्या तोंडासमोर, बोटांनी दाखवत सांगितलं, तेरा झाले.

"नाय," तो म्हणाला. "दहाच झाले. मोजलेत मी." आणि त्याने गिअर टाकला.